नालीचं पाणी नाल्यात सोडण्याआधी: विदर्भातल्या गावासाठी सांडपाणी शुद्धीकरणाची रीत

दिवाळी उलटली की विदर्भातले बहुतेक गावनाले आटायला लागतात. पोळ्याला दुथडी वाहणारा नाला मार्गशीर्षात डबक्यांवर येतो, आणि त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत त्यात जे काही वाहतं ते गावच्या नालीचंच पाणी असतं. वाहतं पाणी स्वतःला शुद्ध करून घेतं हे खरं आहे. पण त्यासाठी नाल्यात मुळात पाणी असावं लागतं.

याचा हिशोब मांडून पाहू. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारणपणे लिटरला 150 ते 300 मिलिग्रॅम असतो. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्याचं हे माप. 30 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे 200 बीओडीचं एक लिटर सांडपाणी जवळपास 27 लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतं. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये दुहेरी मार बसतो: नाल्यात पाणी नाही, आणि आहे त्यात दम नाही. डोहातले मासे वर येऊन तोंडं उघडतात, पाणी काळं पडतं, गुरं तोंड लावत नाहीत आणि काठावरच्या विहिरीचं पाणी वास मारू लागतं.

म्हणून गावाने काय करावं, ते कामाच्या क्रमाने सांगतो. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतली मंडळी आणि आपल्या गल्लीपुरतं काही करू पाहणारा कोणीही, यांच्यासाठी हे आहे.

शुद्धीकरणात नेमकं काय होतं

शहरातला मोठा प्रकल्प घ्या की गावातला वाफा, कामं तीनच. आधी जड आणि तरंगणारी घाण वेगळी करायची. मग पाण्यात विरघळलेली घाण जिवाणूंकडून खाववून घ्यायची. शेवटी रोगजंतू मारायचे किंवा मरू द्यायचे. शहरात दुसरं काम यंत्राने हवा फुंकून काही तासांत उरकतात; गावात तेच काम ऊन, गिट्टी आणि वनस्पतींची मुळं काही दिवसांत करतात. शहराकडे जागा नसते म्हणून ते वीज जाळतात. गावाकडे दोन-चार आर जागा निघते, तर वीज का जाळायची?

नागपुरात भांडेवाडीला मोठं शुद्धीकरण केंद्र आहे आणि तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. सांडपाणी म्हणजे टाकाऊ वस्तू नव्हे, याचा विदर्भातला हा सगळ्यात मोठा दाखला. दुसरी बाजूही इथलीच आहे. नागपूरच्या सांडपाण्यातलं जे शुद्ध न होता नाग नदीत जातं, ते पुढे कन्हान, वैनगंगा असं करत गोसेखुर्दच्या जलाशयापर्यंत पोचतं. काठावरची गावं त्याचा त्रास भोगतात. पण आपल्या गावची नाली ज्या ओढ्यात जाते, त्याच्या खालच्या अंगालाही एक गाव असतंच.

पहिली पायरी: नालीच्या तोंडाशी उभं राहून मोजणी

आराखडा करण्याआधी गावची प्रत्येक नाली कुठे संपते ते चालत जाऊन पाहा. बहुतेक गावांत दोन ते चार तोंडं सापडतात, आणि त्यातलं एखादं कोणाच्या तरी शेतात, नाहीतर थेट पाणवठ्याच्या विहिरीजवळ निघतं. गावाच्या नकाशावर ही तोंडं, विहिरी, हापश्या, तलाव आणि नाला यांच्या खुणा करा.

मग पाणी मोजा. नालीच्या तोंडाशी मातीचा छोटा बांध घालून त्यातून पाइपाचा तुकडा काढायचा, खाली 20 लिटरची बादली ठेवायची आणि किती सेकंदांत भरते ते पाहायचं. 25 सेकंदांत भरली तर तासाला 2,880 लिटर. हे पहाटेपासून रात्रीपर्यंत दर तासाला करा, कारण सकाळी नळ आल्यावरचं पाणी आणि दुपारचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लग्नसराईचा किंवा सणाचा दिवस मोजणीला घेऊ नका.

मोजणी जमलीच नाही तर अंदाज असा बांधतात: जलजीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं असं धरतात. 1,500 वस्तीच्या गावात 82,500 लिटर पाणी आलं तर 66,000 लिटर बाहेर पडेल. हा आकडा पाहून घाबरू नका. यातलं निम्मं पाणी नालीत येऊच द्यायचं नाही, हे पुढचं काम.

दुसरी पायरी: संडासाचं पाणी नालीतून बाहेर काढा

सगळ्यात जास्त जोर मी इथे देतो, कारण इथे चुकलं तर पुढचं सगळं बांधकाम वाया जातं. न्हाणी-मोरीच्या पाण्यात साबण, तेल, माती असते. संडासाच्या पाण्यात कावीळ, टायफॉइड, हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी असतात. पहिल्याला सांभाळणं सोपं आहे. दोन्ही एकत्र झाले की सगळंच पाणी मैल्याचं होतं.

गावात दोन शोषखड्ड्यांचा संडास हा सर्वांत भरवशाचा. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असे दोन खड्डे पुरतात. एक भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात वळवायचा. बंद खड्डा दीड-दोन वर्षं तसाच राहू द्यायचा, मग त्यातलं वाळलेलं खत काढायचं. भिंती जाळीच्या, तळ मातीचा. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली भूजल पातळी यांत दोन मीटर अंतर हवं, आणि पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान दहा मीटर दूर. काळ्या जमिनीत खड्डा थोडा मोठा खणून भिंतीभोवती एक फूट रेती-गिट्टीचं वेष्टण द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगलेली माती भिंतीवर दाबते आणि पाणी जिरत नाही.

सेप्टिक टाकी बांधली म्हणजे काम संपलं, असा समज गावोगावी आहे. टाकीत घन मैला तळाशी बसतो, काही अंशी कुजतो. बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं. टाकीने बीओडी फार तर तीस ते पन्नास टक्क्यांनी उतरतो. तरीही टाकीचा पाइप सरळ नालीत सोडलेला दिसतो. ग्रामसभेत ठराव घ्या आणि असे पाइप एकेक करून शोषखड्ड्याकडे वळवा. टाकी दोन कप्प्यांची असावी: पहिला कप्पा एकूण लांबीच्या दोन-तृतीयांश, मध्ये आडभिंत, तोंडाला आणि शेवटाला टी आकाराचा पाइप. तीन वर्षांच्या आत गाळ उपसायचा.

उपसण्याबद्दल एकच सांगतो आणि ते जिवाच्या मोलाचं आहे. कोणीही, कितीही गरज असली तरी, टाकीत उतरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. 2013 च्या कायद्याने माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूला 30 लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला. उपसा मशीन लावलेल्या टँकरनेच करायचा, आणि टँकर रिकामा कुठे होतो ते ग्रामपंचायतीने विचारायचं. तालुक्याजवळ मैला-गाळ प्रक्रिया केंद्र असेल तर तिथे. रात्री नाल्यात तोंड उघडणाऱ्या टँकरला गावाने दुसऱ्यांदा बोलावू नये.

तिसरी पायरी: न्हाणी-मोरीचं पाणी घरीच जिरवा

ज्या घरामागे थोडी वाडी आहे तिथे शोषखड्ड्याआधी परसबागेचा विचार करा. केळी, पपई, अळू, कर्दळ ही झाडं साबणाचं पाणी झेलतात. मोरीच्या पाइपाखाली फूटभर लांब-रुंद गाळकुंडी करा, तिच्यावर जाळी बसवा, आठवड्याला साफ करा. शोषखड्डे बंद पडतात ते बहुतांशी खरकट्या-तेलाच्या थरामुळे. ही छोटी कुंडी तो थर अडवते.

वाडी नसेल तर शोषखड्डा. पैनगंगेपलीकडे नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून गावातली नालीच कालबाह्य केली: चार बाय चार बाय चार फुटांचा खड्डा, मधोमध भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड. रीत चांगली आहे, पण ती आपल्या मातीत जमेल का, हे आधी पाहायला हवं.

मातीची परीक्षा अशी: जिथे खड्डा होणार तिथे, खड्ड्याच्या तळाच्या पातळीवर, फूटभर खोल बिळ पाडा. रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरून पाणी अडीच सेंटीमीटर उतरायला किती वेळ लागतो ते मोजा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खड्ड्याऐवजी लांब उथळ चर घ्यावा. तासाहून जास्त लागला तर तिथे जिरवण्याचा नाद सोडा. रात्रभर भिजवणं टाळू नका. मे महिन्यात काळी जमीन हातभर भेगाळलेली असते, पाणी त्या भेगांतून धावतं आणि माती फार छान जिरवते असं वाटतं. मृगाचा पाऊस पडून माती फुगली की त्याच खड्ड्यावर डबकं उभं राहतं.

विदर्भ एका मातीचा नाही. यवतमाळ, वर्धा, अमरावतीच्या बऱ्याच भागांत काळीखाली मुरूम लागतो. काळी पार करून मुरमात खड्डा नेला तर पाणी सुरेख जिरतं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, चिकण चोपण जमीन पाणी घेत नाही आणि खालचं पाणी आधीच खारं आहे. तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालण्यापेक्षा पाणी एका जागी नेऊन शुद्ध करणं बरं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत धानाच्या बांध्या आणि तलावांमुळे भूजल वर असतं. पावसाळ्यात खड्ड्याचा तळच पाण्यात बुडतो आणि घाण सरळ विहिरीत उतरते. तिथे खड्डा उथळ ठेवा किंवा खड्डाच नको.

गोठ्याचं पाणी मात्र कुठल्याच नालीत नको. शेणा-मुताच्या पाण्याचा बीओडी घरगुती पाण्याच्या कितीतरी पट असतो. ते उकिरड्यावर, गोबरगॅसला किंवा शेतात गेलं पाहिजे. तिथे ते सोनं आहे.

चौथी पायरी: नालीच्या शेवटी जागा निवडा

उरलेल्या पाण्यासाठी गावाखाली, उताराच्या बाजूला जागा बघा. पाणी आपोआप वाहत यायला हवं. मोटर लागली की वीजबिल लागलं, आणि बिल थकलं की प्रकल्प बंद. हवा फुंकणाऱ्या यंत्राचा प्रकल्प लहान गावाने घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ठेकेदार कितीही चकचकीत चित्र दाखवो.

नाल्याची पूररेषा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पाणी कोणत्या झाडापर्यंत, कोणत्या देवळाच्या पायरीपर्यंत आलं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या खुणेच्या वर बांधा. पिण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नको. गायरानाची जागा असेल तर परवानगीचा कागद आधी, खोदकाम नंतर.

एक मोठी गैरसमजूत इथेच दूर करतो. सिमेंटची झाकलेली नाली बांधली म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न सुटला, असं नाही. नाली पाणी वाहून नेते, शुद्ध करत नाही. चांगल्या नालीने घाण नाल्यात जास्त वेगाने पोचते, एवढंच.

पाचवी पायरी: जाळी आणि रेतीचा हौद

पाणी आत येतं तिथे दोन जाळ्या: पहिली चार-पाच सेंटीमीटर फटीची, दुसरी दोन-अडीच सेंटीमीटरची, गजांना तिरका उतार, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. विदर्भात या जाळीवर सगळ्यात जास्त काय अडकतं तर खर्ऱ्याच्या पन्न्या. एका दिवसाची साफसफाई चुकली तर जाळी बंद होऊन पाणी रस्त्यावर येतं. पानठेल्यांसमोर डबे ठेवणं हे सांडपाणी प्रकल्पाचंच काम समजा.

जाळीच्या अलीकडे बाजूची एक भिंत ठरावीक उंचीची ठेवा. मोठ्या पावसात नालीतून दहापट पाणी येतं. ते त्या भिंतीवरून परस्पर नाल्यात सांडलं पाहिजे. अशा वेळी नाला भरून वाहत असतो आणि पाणी पातळ झालेलं असतं. ही सोय नसेल तर पहिल्या मुसळधार पावसात मागचा सगळा गाळ आणि गिट्टीवर साचलेली माती एक होते.

मग रेतीचा हौद: शेजारी शेजारी दोन अरुंद मार्ग, एक चालू असताना दुसरा साफ करायचा. इथे पाण्याचा वेग सेकंदाला फूटभर असावा. त्याहून संथ झालं तर रेतीबरोबर घाणही बसते, वेगात गेलं तर रेती पुढे जाते. भांडी राखेने घासणाऱ्या गावात हा हौद लवकर भरतो.

सहावी पायरी: गाळ बसवणारी टाकी

आता आपल्या 1,500 वस्तीच्या गावात निम्मं पाणी घरी जिरलं असं धरू. राहिलं दिवसाला 33,000 लिटर, म्हणजे 33 घनमीटर. ते एक दिवस थांबेल आणि गाळालाही जागा राहील अशी 45 घनमीटरची बंद टाकी घ्या: 9 मीटर लांब, अडीच मीटर रुंद, पाण्याची खोली 2 मीटर. आत आडभिंती अशा की पाणी एकदा खालून, एकदा वरून वळत जाईल. प्रत्येक वळणावर ते तळाच्या गाळातून जातं आणि गाळातले, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातली घाण खातात. वायू बाहेर जायला उंच नळी, तिच्या तोंडाला डास अडवणारी जाळी.

गाळ टाकीच्या एक-तृतीयांश उंचीला आला की उपसायचा. काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला आणि वर काढा. काळा डाग किती उंच आला त्यावरून गाळ कळतो. उपसलेला गाळ रेती-गिट्टीच्या वाफ्यावर पातळ थरात पसरला की उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत वाळतो. जंताची अंडी मात्र वाळल्यानेही लगेच मरत नाहीत, म्हणून तो वर्षभर झाकून ठेवल्यावरच झाडांना द्या. पालेभाजीला नको.

नव्या टाकीत जिवाणू जमायला काही आठवडे लागतात. जुन्या सेप्टिक टाकीतला थोडा गाळ विरजण म्हणून टाकला की सुरुवात लवकर होते. आणि नालीत ब्लीचिंग पावडर टाकण्याची ग्रामपंचायतीची सवय इथे थांबवा. क्लोरीन घाणीतच संपून जातं, रोगजंतू सगळे मरत नाहीत, आणि काम करणाऱ्या जिवाणूंचं मात्र नुकसान होतं.

सातवी पायरी: गिट्टी आणि कर्दळीचा वाफा

टाकीतून आलेलं पाणी अजून काळपट आणि वासाचं असतं. ते आता गिट्टीने भरलेल्या, वनस्पती लावलेल्या वाफ्यातून आडवं, सावकाश न्यायचं. नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने याच धर्तीवर फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली आहे. तांत्रिक सल्ला हवा असेल तर तिथे विचारता येईल. ही संस्था 1958 पासून आपल्याच भागात आहे.

माप कसं काढायचं? पाणी वाफ्यात अडीच दिवस थांबावं. 33 घनमीटर गुणिले अडीच म्हणजे सुमारे 83 घनमीटर पाणी. गिट्टीत पोकळी साधारण 40 टक्के, म्हणून वाफ्याचं घनफळ 207 घनमीटर. खोली 60 सेंटीमीटर धरली तर 345 चौरस मीटर, म्हणजे साडेतीन आर. हे एकाच वाफ्यात नको. 12 मीटर रुंद आणि 15 मीटर लांब असे दोन वाफे करा, म्हणजे एक दुरुस्तीला काढला तरी दुसरा चालतो. जागा लांबट मिळते म्हणून अरुंद, लांबच लांब वाफा करण्याचा मोह होतो. तसं केलं तर सगळी घाण तोंडाच्या छोट्या भागावर पडते आणि गिट्टी चोंदते. तोंड रुंद ठेवा.

तळ पाणी न झिरपणारा हवा. काळी माती चोपून तळ करता येतो असं सांगतात, पण वाफा एखादा महिना कोरडा राहिला की ती भेगाळते. जाड प्लास्टिकचं अस्तर किंवा सिमेंटचा तळ घ्या आणि तळाला शेवटाकडे शेकडा अर्धा ते एक इतका उतार द्या. तोंडाशी आणि शेवटाशी अर्धा-एक मीटर रुंदीत पाच ते आठ सेंटीमीटरचे दगड, मधल्या भागात 10 ते 20 मिलिमीटरची गिट्टी. गिट्टी धुऊनच भरा. न धुतलेल्या गिट्टीची चुरी पहिल्याच वर्षी वाफा बंद करते. शेवटच्या पाइपाला फिरणारा कोपरा बसवा. तो वर-खाली करून पाण्याची पातळी गिट्टीच्या पृष्ठापासून पाच-दहा सेंटीमीटर खाली ठेवायची. वर पाणी दिसलं नाही तर डास होत नाहीत आणि वासही येत नाही.

लागवडीला कर्दळ, पाणकणीस, वाळा. नाल्याकाठीच मिळतात, गड्डे पावसाळ्याच्या तोंडाशी लावा, चौरस मीटरला चार. मुळं धरायला तीनेक महिने लागतात, तोवर पाणी थोडं थोडं सोडा. मुळांभोवती हवा पोचते, गिट्टीवर जिवाणूंचा चिकट थर चढतो आणि घाण तिथे संपते. वर्षातून दोनदा छाटणी करून पाला बाहेर काढा. वाफ्याला कुंपण हवंच. उन्हाळ्यात गावातला सगळ्यात हिरवा तुकडा तोच असतो, आणि बकऱ्यांना ते आपल्याआधी कळतं.

आठवी पायरी: उन्हाचं तळं

वाफ्यातून पाणी निवळ निघतं, पण निवळ म्हणजे निर्जंतुक नव्हे. ते एका उथळ तळ्यात पाच दिवस ठेवा: 165 चौरस मीटर, खोली एक मीटर. विदर्भाचं ऊन इथे औषधासारखं चालतं. सूर्यप्रकाश आणि शेवाळामुळे वाढणारा पाण्याचा सामू (पीएच), दोन्ही मिळून जंतूंची संख्या झपाट्याने उतरवतात. पाणी तोंडाकडून सरळ शेवटाकडे पळू नये म्हणून मध्ये एक-दोन आडबांध घाला. गप्पी मासे सोडा. आरोग्य केंद्रातून मिळतात. काठावर झाडं लावून सावली करू नका आणि जलकुंभीचं एकही रोप राहू देऊ नका. तिने तळं झाकलं की ऊन पोचत नाही.

पाणी सोडायचं कुठे

पहिला मान झाडांना. गावच्या वनीकरणाला, बांबूला, बांधावरच्या झाडांना हे पाणी द्या. कच्च्या खायच्या भाजीला नको. खारपाणपट्ट्यात क्षार जमिनीत साचतात, तिथे एकाच जागी वर्षानुवर्षं देऊ नका.

पूर्व विदर्भातल्या गावांना खास सांगतो: मालगुजारी तलावात हे पाणी शक्यतो सोडू नका. वाफा आणि तळं घाण आणि जंतू कमी करतात, पण नत्र आणि स्फुरद बराचसा तसाच राहतो. वाहत्या नाल्यात तो निघून जातो, तलावात साचतो. मग शेवाळ, जलकुंभी आणि बेशरम माजते, आणि ढीवर बांधवांची मासेमारी बसते. पिढ्यान्‌पिढ्या राखलेले हे तलाव असे घालवू नयेत.

उरलेलं पाणी नाल्यात. त्याआधी मोजमाप: महानगरांबाहेरच्या सांडपाणी केंद्रांसाठी 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत बीओडी 30, तरंगता गाळ 100 मिलिग्रॅम प्रतिलिटर, सामू 6.5 ते 9 आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरला 1,000 च्या आत अशी मर्यादा घातली आहे. 1974 च्या जल प्रदूषण कायद्याखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, हे पंचायत समितीमार्फत आधीच विचारून घ्या.

पैसा आणि माणूस

स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंतच्या वस्तीला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपये, त्यावरच्या गावाला 660 रुपये अशी मर्यादा ठरली. त्यातले 70 टक्के मिशनचे आणि 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतले. आपल्या 1,500 वस्तीच्या गावाला हे 4 लाख 20 हजार होतात. घरोघरचे शोषखड्डे रोजगार हमीतून वेगळे करता येतात, म्हणून दोन्हींचा आराखडा एकत्र मांडा; चालू वर्षाची तरतूद गट विकास अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

बांधकामाच्या पैशापेक्षा देखभालीचा माणूस मिळणं अवघड. जाळी रोज, रेतीचा हौद आठवड्याला, वाफ्याचं तोंड पंधरवड्याला, गाळाची काठी दर सहा महिन्यांनी. या कामाला ठरलेला माणूस, ठरलेला पगार, गमबूट आणि हातमोजे हवेत. पाणीपट्टी ठरवतानाच ही रक्कम त्यात धरा, कारण जे पाणी नळाने घरात आलं तेच नालीने बाहेर जाणार आहे.

पाणी खरंच शुद्ध झालं का, ते पाहण्यासाठी

गावातच करता येण्याजोगी एक परीक्षा: पारदर्शक बाटली शेवटच्या पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही राहू नये, झाकण घट्ट लावा आणि पाच दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पाणी काळं झालं असेल किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर घाण अजून शिल्लक आहे. टाकीत गाळ वाढलाय का आणि वाफ्याच्या वर पाणी साचतंय का ते बघा. शेजारी जाळीपाशी घेतलेल्या पाण्याची दुसरी बाटली ठेवा, म्हणजे फरक ग्रामसभेला डोळ्यांनी दिसतो. पाण्यातले जंतू मात्र या बाटलीने कळत नाहीत. त्यासाठी आणि बीओडीसाठी वर्षातून किमान दोनदा प्रयोगशाळेत नमुना द्या. आपल्याकडे बीओडीची चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते. नमुना बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी पोचला पाहिजे. एक नमुना जानेवारीतला घ्या, थंडीत जिवाणू मंदावतात म्हणून. दुसरा मे महिन्यातला, नाल्यात दुसरं पाणीच नसतं तेव्हाचा. नमुना तळ्याच्या शेवटच्या पाइपावर घ्या, आणि त्याच दिवशी नाल्याच्या खालच्या अंगाला पहिल्या डोहातलंही पाणी बाटलीत भरून पाठवा.